उत्तरासाठी सोडलेली जागा

हॅलिफॅक्स, १२ फेब्रुवारी

रेनाता,

पत्र लिहिणं हे माझं काम नाही. तुझी आई होती तोवर घरातली सगळी पत्रं तिने लिहिली, मी खाली नाव तेवढं टाकायचो. तेव्हा वेडंवाकडं काही पडलं तर चालवून घे.

टेसा बरी आहे. शाळेत जाते, जेवताना कुरकुर करते. घर ज्या खांबांवर उभं आहे त्यांच्यामधल्या सावलीत बसून बेडकांना नावं ठेवते आणि मग त्याच नावांनी हाका मारते. एकाचं नाव तुझ्यावरून ठेवलंय, राग मानू नकोस.

तुझी ती नोलीनबाई काल येऊन गेली. नदी पुलाला टेकलेली, आणि ही बाई टाउन्सव्हिलहून एकटी गाडी हाकत आली. हातात पाकीट. मी जिन्यावरूनच म्हटलं, "बाई, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही." तर हसून म्हणते कशी, "विकायला नाही आले हो आल्दो, तुमची मुलगी घेऊन आलेय."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असायला तू सांगायला तर हवं होतंस. तिकडे परदेशात तुमच्या सैन्याच्या छावणीत एका तंबूत गोष्टींची पुस्तकं ठेवलेली असतात, तुम्ही आईबाप एकेक पुस्तक निवडून मोठ्याने वाचता, पाद्री तो आवाज टिपून घेतो, मग इकडे टाउन्सव्हिलला ही निवृत्त मंडळी तो साफसूफ करून सीडी बनवतात आणि पुस्तकासकट घरी पोचवतात, हे सगळं मला परक्या बाईकडून कळलं. वर तिने पाठही दिला. घंटी वाजली की पान उलटायचं. आणि म्हणे, "आम्ही आईबापांना सांगतो, मध्येच मुलाला काहीतरी विचारा आणि उत्तरासाठी थांबा. नुसतं वाचन नको, गप्पा व्हायला हव्यात." मी मान डोलावली. फुकटची समाजसेवा करणाऱ्यांशी वाद घालू नये.

टेसाने सीडी ऐकली. शंखातला खेकडा नवं घर शोधतो ती गोष्ट. तुझा आवाज आल्याबरोबर पोरगी ताठ बसली. तू विचारलंस, "टेसा, खेकडा कुठे लपलाय गं?" तिने तोंड उघडेपर्यंत तू "शाब्बास! अगदी बरोबर!" म्हणून पुढच्या पानावर. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, परत लावू.

तब्येत सांभाळ.

पप्पा


हॅलिफॅक्स, ४ मार्च

रेनाता,

दुसरी सीडी आली. पेलिकनच्या टोपीची. मागे लाटांचे आवाज, पक्ष्यांचे आवाज, सगळा थाट. पण तुझी घाई तीच.

टेसा आता तुझ्याशी शर्यत लावते. तू प्रश्न विचारायच्या आधीच पुस्तकावर बोट ठेवून तयार बसते. तरी तू जिंकतेस. काल "आई, थांब ना, थांब ना" असं त्या यंत्राला म्हणत होती. मग तिने काय केलं ऐक. तू विचारलंस टोपी कुठे आहे, आणि हिने मुद्दाम सांगितलं, "मगरीच्या पोटात." तू म्हणालीस, "शाब्बास! अगदी बरोबर!"

टोपी झाडावर होती. टेसाने यंत्र बंद केलं. रडली नाही. आजोबाकडे वळून म्हणाली, "नोन्नो, ती ऐकत नाहीये. मी काहीही बोलले तरी तिला चालतं."

आता मी बोलतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते खोटं नाही. तू लहानपणापासून अशीच. विचारायचं आणि निघायचं. सैन्यात जाताना तसंच केलंस. या वेळी निघायच्या आधी त्या संध्याकाळीही तसंच. मी ओट्याशी मासा साफ करत होतो, तू मागून विचारलंस, "पप्पा, जाऊ का?" मी सुरी खाली ठेवून हात धुवेपर्यंत तू जिना उतरून गाडीत. तुला माझं उत्तर नको होतं, विचारल्याचं समाधान हवं होतं. माझ्याशी केलंस ते केलंस, मी म्हातारा झालो, मला सवय आहे. पाच वर्षांच्या पोरीला तरी उत्तर द्यायला वेळ दे. तिचा बाप पर्थला दुसरा संसार थाटून बसलाय. आता आईनेही फक्त आवाज पाठवायचा आणि कान बंद ठेवायचे का?

तुला थांबायचं नसेल तर वाचू नकोस. नसता उपचार हवाय कशाला?

आल्दो झानेती


हॅलिफॅक्स, १८ मार्च

रेनाता,

मंगळवारी रेडिओवर सांगितलं की तुमच्याकडे दोघे गेले. नावं सांगितली नाहीत. आधी घरच्यांकडे सैन्याची गाडी पाठवून कळवल्याशिवाय सांगत नाहीत ते.

मला त्या दिवशी जिन्याची पायरी दुरुस्त करायचीच होती, म्हणून तिथे बसलो होतो. रस्ता दिसतो तिथून. दुपारी एक गाडी वळली. गॅसवाला होता. फाटक उघडं टाकलं म्हणून मी त्याला इतका झापला की बिचारा पैसे न घेताच चालला होता.

टेसाला काही कळू दिलं नाही. संध्याकाळी नावं आली. त्यांच्यात तू नव्हतीस. दुसऱ्या कुणाच्या तरी दारात ती गाडी गेलीच असेल.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते लिहिलं. तू लिही.

पप्पा


हॅलिफॅक्स, २६ एप्रिल

रेनाता,

तुझं पत्र नाही. तिसरी सीडीही नाही. नोलीनबाईला फोन केला. ती जरा अडखळली, मग म्हणाली, "रेनाताने वाचणाऱ्यांतून नाव काढायला सांगितलंय. आपल्याला जमत नाही म्हणाली." माझ्या पत्राचं तिला काही बोलली नाहीस, ते उपकार. पण मला समजायचं ते समजलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, त्याचं हे फळ.

तरीही माझं म्हणणं चूक होतं असं मला वाटत नाही, हेही सांगून टाकतो. बोलण्याची पद्धत चूक असेल.

काल सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. मी कधी जात नाही, तू जातेस म्हणून मुद्दाम जात नसे. काल टेसाला घेऊन गेलो. मागे उभे राहिलो. नावं वाचायला लागले तेव्हा ती मोठ्याने विचारते, "माझ्या आईचं नाव वाचणार?"

मी म्हटलं, "नाही गं. ही गेलेल्यांची नावं आहेत. तुझी आई जिवंत आहे."

"मग ती का बोलत नाही?"

पुढच्या रांगेतल्या चार टोप्या मागे वळल्या. मी तिच्या हातात बिस्किट दिलं.

घरी आल्यावर ती बाहुलीला गोष्ट सांगत होती. पुस्तक उलटं धरलेलं. बाहुलीला विचारलं, "खेकडा कुठे आहे?" आणि त्याच श्वासात, "शाब्बास, अगदी बरोबर!" पान उलटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा शाब्बास. बाहुलीकडे पाहतही नव्हती. मला ते बघवलं नाही, खरं सांगतो. मी खाली जाऊन उगाच होडीला पाणी मारत बसलो.

मग तिला विचारलं, आईची सीडी लावू का? म्हणाली, "नको. मी आता तिला काही सांगणारच नाही."

रेनाता, तू परत येशील तेव्हा ही पोरगी दारात उभी राहील, तुला नमस्कार-चमत्कार सगळं करील, आणि तुला काही म्हणजे काही सांगणार नाही. मला ठाऊक आहे ते कसं असतं. ते आपल्या घरात होऊन गेलंय.

लिही दोन ओळी. मला नको, तिला.

पप्पा


हॅलिफॅक्स, २० मे

रेनाता, माझ्या पोरी,

हे पत्र सगळं वाच. मध्येच फाडलंस तरी तुकडे जुळवून वाच.

गुरुवारी दोन्ही पुस्तकं परत द्यायला टाउन्सव्हिलला गेलो. घरात ठेवली की टेसा ती उलटी करून ठेवते, म्हटलं दुसऱ्या पोरांच्या उपयोगी पडतील. तिथल्या लष्करी छावणीला लागून यांचं एक बैठं घर आहे. आत टेबलं, पाकिटं, चहाचं भांडं, सगळी माझ्याच वयाची माणसं. कोपऱ्यात एक जण कानाला ते मोठं यंत्र लावून बसलेला. त्याने "या, या" म्हटलं आणि मी जागीच थांबलो. मर्विन टली! तोच गं, आपल्या पट्ट्याचा सकाळचा रेडिओ. साखरगिरणीची ऊसगाडी चालवताना सगळी नोकरी मी त्याच्या तोंडून पाऊस आणि बाजारभाव ऐकत काढली. तुमच्या सीड्या साफ करणारा तोच.

मी झानेती म्हटल्यावर माणूस खूश झाला. "रेनाताचे वडील? अहो, काय आवाज आहे मुलीचा! बसा, तुम्हाला दाखवतोच आम्ही काय करतो ते." पडद्यावर तुझा आवाज डोंगरांसारखा दिसत होता, वर-खाली, वर-खाली, आणि मध्ये मध्ये सपाट. त्याने बोटाने दाखवलं. "हे सपाट दिसतंय ना, ती मेलेली हवा. रेडिओवर जरा शांतता झाली की मालकाचा फोन यायचा. आपला हात बसलाय, ती पहिली काढून टाकायची. बघा आता, आधीचं ऐका आणि मग माझं ऐका."

आणि त्याने मूळचं लावलं.

"टेसा, खेकडा कुठे लपलाय गं?" तू विचारलंस. आणि मग काही नाही.

तू थांबली होतीस. तुझा श्वास ऐकू येत होता. बाहेर कुठेतरी गाडी घुरघुरत होती, कुणी तरी लांबून हाक मारली, आणि तू थांबलीच होतीस. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग अगदी हळू, हसत, कुणाचं तरी ऐकून घेतल्यासारखी तू म्हणालीस, "शाब्बास! अगदी बरोबर!"

प्रत्येक पानावर तसंच. टोपीच्या गोष्टीत तर तू इतका वेळ थांबलीस की मी खुर्चीची कड धरली. टेसा स्वभावाने सावकाश, आधी सगळं चित्र बघते, मग बोलते, हे तुला माहीत होतं. तिला लागेल तेवढी जागा तू सोडली होतीस.

मर्विन अभिमानाने म्हणाला, "आणि आता हे माझं. एकदम चटपटीत."

मी म्हटलं, "बंद करा."

मग मी त्याला सगळं सांगितलं. मगरीच्या पोटातलं, बाहुलीचं. फार मोठ्याने बोललो असणार, कारण नोलीनबाई आतून धावत आली आणि बाकीच्यांचे हात थांबले. मर्विनने कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. म्हणाला, "मी अशा थांबलेल्या जागा सगळ्यांच्याच कापल्यात. प्रत्येक सीडीतल्या." नोलीनबाई खाली बसली. "आम्ही तिकडे आईबापांना सांगतो की थांबा. आणि इकडे... मर्विन, तुला हे कुणी सांगितलंच नाही रे." खरंच सांगितलं नव्हतं. शिकवणारे वेगळे, साफ करणारे वेगळे. घरोघरी पोरं उत्तरं देत राहिली आणि आईबाप त्यांच्यावरून पुढे जात राहिले. आभाराची पत्रं मात्र वेळेवर येत होती. फुकट काम करणाऱ्याला कोण नाव ठेवणार?

मी त्याला काही बोलायला उठलो होतो. नाही बोललो. त्याने निदान चांगल्या हेतूने कापलं. मी तुला थांबता येत नाही असं धरून चाललो होतो, म्हणून मला खटकलंसुद्धा नाही. कानाने ऐकलं आणि मनातलं जुळवलं.

मग मर्विन खाली बघत म्हणाला, "आल्दो, शेवटी अजून थोडं आहे. पहिल्याच गोष्टीच्या शेवटी. मुलाचा निरोप घेऊन झाला की पुढचं घरगुती बोलणं आम्ही काढतो. ते टेसासाठी नव्हतं." तो आणि नोलीनबाई उठून बाहेर गेले. यंत्र कसं चालवायचं तेवढं दाखवून गेले.

तू टेसाला बाय म्हणालीस. मग म्हणालीस, "पप्पा, तुम्ही दाराशी उभे असणार, मला माहितीये. माझ्यावर अजून राग आहे का?"

आणि थांबलीस.

किती थांबलीस गं! पाद्री खाकरला तरी थांबलीस. एकदा नाक ओढलंस. मग "बरं" म्हणालीस आणि खुर्ची सरकली.

आणि त्या प्रश्नाला माझ्याकडून तुला काय मिळालं? चार मार्चचं ते पत्र. तुला उत्तर नको असतं म्हणून लिहिलेलं. खाली आल्दो झानेती असं नाव टाकून, जसा मी गिरणीचा साहेब आणि तू कामावर उशिरा आलेली. ते वाचून तू तिथे काय केलं असशील, याचा विचार मी परतीच्या वाटेवर करत होतो. एका ठिकाणी मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

राग नाही पोरी. त्या संध्याकाळीही नव्हता. "जाऊ का?" विचारलंस तेव्हा माझ्या पोटात भीती होती, दुसरं काही नव्हतं. तुझी आई गेली तेव्हापासून कुणी दाराकडे निघालं की मला काही बोलताच येत नाही. भीती दाखवायची लाज वाटते म्हणून मी रागाचा चेहरा लावून फिरतो. मला सुरी खाली ठेवायला वेळ लागत होता असं मी लिहिलं. वेळ मुद्दाम लावत होतो. तुला वाटेल मी तुला जाऊ देत नाही, आणि तू थांबशील, अशी वेडी आशा. तू वाट बघितली असशील. किती वेळ बघणार? गाडी निघाली तेव्हा सुरी माझ्या हातातच होती.

मर्विन सगळ्या सीड्या नव्याने करायला बसलाय. आपली पहिली घेऊन आलोय. टेसाला अजून सांगितलं नाही. तिने नको म्हटलं तर काय करू, ही धास्ती आहे.

पप्पा


हॅलिफॅक्स, ३ जून

रेनाता,

पाच दिवस ती नको म्हणाली. मी जबरदस्ती केली नाही. शेवटी मर्विनच आला, आपलं यंत्र आणि माइक घेऊन, नोलीनबाई बरोबर. टेसासमोर गुडघ्यावर बसला, त्याचे गुडघे कुरकुरले, आणि म्हणाला, "टेसा, तुझी आई तुझ्यासाठी थांबली होती. तो थांबलेला वेळ मी कापून टाकला. चूक माझी होती, तिची नाही."

टेसाने त्याला बराच वेळ निरखलं. "का कापलास?"

"मला वाटलं तिथे काहीच नाहीये."

"तिथे मी होते," टेसा म्हणाली.

नोलीनबाईने सीडी लावली.

तू विचारलंस, खेकडा कुठे लपलाय. टेसा गप्प बसली. हात पाठीमागे बांधलेले. मी मनात म्हणत होतो, बोल गं, संपेल वेळ. ती बघत होती, तू आताही पळतेस का ते. तू पळाली नाहीस. टेसाने माझा अंगठा धरला आणि कुजबुजली, "नोन्नो, ती थांबलीये." मग बोलली. खेकडा डब्याखाली आहे, आणि डबा गंजलाय, त्याने त्याचं बोट कापेल, त्याला तिथून काढायला हवं, असं सगळं सांगत सुटली. तू शाब्बास म्हणालीस तेव्हा ती अजून बोलतच होती, पण या खेपेला तिला त्याचं काही वाटलं नाही. "आई, ऐक, माझं अजून राहिलंय," म्हणाली आणि हसली.

मर्विनने ते टिपून घेतलंय. या पाकिटात जी सीडी आहे ती तीच. तुझे प्रश्न, आणि त्यापुढे तुझ्या मुलीची उत्तरं. काही चुकीची आहेत, शाब्बासकी जपून दे. नोलीनबाई म्हणते, वाचणाऱ्यांत तुझं नाव पुन्हा घालायचं का ते तू ठरव, ती वाट बघेल. टेसाने पुढचं पुस्तक निवडून ठेवलंय. मी काही विचारत नाही. मला विचारायचा अजून हक्क नाही.

टेसाचं झाल्यावर मर्विनने तो माइक माझ्याकडे सरकवला आणि पोरीला घेऊन सगळे खाली बेडूक बघायला गेले. तुझा तो प्रश्न त्याने आधी लावून दिला होता. माझ्यावर अजून राग आहे का. मी बसलो. मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं पाठ होतं, तोंडात एक शब्द येईना. लिहिणं सोपं असतं, हे मला या वयात कळलं.

तेव्हा ऐकताना हे ध्यानात ठेव. टेसा बाय म्हणते, त्यानंतर बराच वेळ काही नाही. खुर्ची वाजते. मी खाकरतो. परत काही नाही. तुला वाटेल सीडी संपली. मर्विननेही नंतर विचारलं, "हे एवढं कापू का?" म्हटलं, हात लावायचा नाही.

तू बंद करू नकोस. थांब. पुढे मी बोललोय.

पप्पा